शंकासमाधान : गाडी चालवणाऱ्याची वारी

शंका : आमचे आप्पा एसटीत चालक होते. गळ्यात तुळशीची माळ, रोज हरिपाठ, एकादशी कधी चुकली नाही. पण पायी वारी त्यांना एकदाही घडली नाही. आषाढी आली की जादा गाड्यांची ड्युटी असायची. लांबूनच कळसाला हात जोडायचे आणि परतीची गाडी काढायचे. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत मी 'वारकरी' असं लिहिलं, तर थोरला भाऊ म्हणतो, जो माणूस कधी चाललाच नाही तो वारकरी कसला? (एक वाचक, सातारा जिल्हा)

समाधान : खुशाल लिहा. वारकरी ठरतो तो माळेने, एकादशीने आणि पंढरीच्या नेमाने. पाय किती झिजले हे कोणी मोजत बसत नाही. आषाढीखेरीज कार्तिकी, माघी आणि चैत्री या वाऱ्या आहेतच, शिवाय दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठणारे महिन्याचे वारकरी आहेत. त्यातले बहुतेक जण गाडीनेच जातात. त्यांना कोणी तिकीट दाखवायला सांगत नाही.

आणि आप्पांचं काम तरी काय होतं? दशमीची रात्र, समोरच्या काचेवर पाऊस, आत ओल्या धोतरांचा नि बुक्क्याचा वास, पायरीवर म्हातारीचं गाठोडं, मागून टाळ चाललेला. रस्त्यात दिंड्या, त्यामुळे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. द्वादशीला तीच माणसं घरी पोचवायची. १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून ज्यांना चालणं झेपत नाही त्यांची वारी या खाकी सदऱ्यांनी सांभाळली आहे. एकादशीला डब्यातली गार झालेली साबुदाण्याची खिचडी खाऊन स्टिअरिंगवर बसलेला माणूस वारीत नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, विठ्ठलच त्यांच्याकडे गेला, असं परंपरा मानते. भाऊंना एवढं सांगून पाहा.

मात्र नावामागे ह.भ.प. लावायची घाई करू नका. ते हल्ली कोणत्याही फ्लेक्सवर कोणालाही लागतं. त्यापेक्षा 'वारकरी' आणि 'एसटी चालक' हे दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच टायपात येऊ द्या.

शंका : मग त्यांची राहिलेली पायी वारी यंदा मी त्यांच्या नावाने पुरी करू का? मी माळकरी नाही. (तेच वाचक)

समाधान : जा, पण राहिलेला हप्ता फेडायला निघाल्यासारखे जाऊ नका. आप्पांचं काही राहिलेलं नाही, हे वर सांगितलंच. वडिलांच्या आठवणीने चालायचं असेल तर त्याला मोठा आधार आहे. तुकोबा गेले तेव्हा धाकटे नारायणबाबा आईच्या पोटात होते. ज्या बापाचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्या पादुका पालखीत ठेवून त्यांनी १६८५ साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकाही त्याच पालखीत घेतल्या. माउलींचा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी वेगळा सुरू केला तो एकोणिसाव्या शतकात. हे आरफळ तुमच्याच जिल्ह्यातलं.

गावच्या दिंडीत भिशी भरून सगळी वाट चालता आली तर उत्तमच. रजा नसेल तर लोणंदला सामील व्हा, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहा, तरडगावपर्यंत चाला आणि एसटीने घरी या. चालकाला चहा विचारायला विसरू नका.

शंका : आप्पांची माळ आईने काढून ठेवली आहे. ती मी गळ्यात घातली तर चालेल का? मासे खाणं मला सुटणार नाही. (तेच वाचक)

समाधान : नाही. माळ हा दागिना नव्हे, की वडिलांची अंगठी घातली तशी घालावी. ती फडावरच्या महाराजांच्या हातून, नेम कबूल करून घेतात. मद्यमांस वर्ज्य, एकादशी, हरिपाठ आणि पंढरीची वारी, हे त्या मण्यांबरोबर येतं. आप्पांची माळ तुटली असती तर ती ओवून पुन्हा गळ्यात येईपर्यंत त्यांनी घास घेतला नसता. हे तुम्ही घरात पाहिलंच असेल. कित्येक घरांत माळ देहाबरोबरच जाते. मागे राहिली असेल तर देवघरात ठेवा किंवा चंद्रभागेत सोडा. दोन्ही रीती चालतात, आईंना विचारून ठरवा. पुढे मनापासून वाटलं तर स्वतःची माळ घ्या. न वाटलं तरी तुम्ही कमी दर्जाचे लेक ठरत नाही.

शंका : वडिलांची तिथीच एकादशी आहे. श्राद्धाचा स्वयंपाक करायचा तर उपास मोडतो. (एक गृहिणी, सोलापूर)

समाधान : हा पेच जुना आहे. १७९०च्या सुमारास पंढरपुरातच लिहिल्या गेलेल्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या धर्मसिंधूत त्याचा विचार आहे. शास्त्रकारांनी काढलेली वाट अशी : श्राद्ध करावं, कर्त्याने पितरांच्या अन्नाचा नुसता वास घ्यावा आणि उपास पाळावा. बरेच वैष्णव श्राद्धच द्वादशीला करतात. वडील जे पाळत होते ते पाळा. पुरोहिताने तिसरं काही सांगितलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, वेळ जातो.

शंका : वडील शिंपीकाम करायचे. दुकान, भजन आणि पंढरपूर एवढंच त्यांचं जग. पुण्यतिथीला कीर्तन ठेवलं आहे. सगळे त्यांची स्तुती करतात, पण आई म्हणते, ''पांडुरंगासाठी त्यांच्याकडे वेळ होता, माझ्यासाठी नव्हता.'' चारचौघांत ती असं बोलली तर वडिलांचा अपमान होईल का? (एक लेक, कोल्हापूर)

समाधान : होणार नाही. उलट तिला गप्प केलंत तर अवघ्या वारकरी परंपरेपेक्षा तुम्ही सोवळे ठराल. जिजाईची, आवलीची तक्रार कीर्तनकारांनी कधी झाकली का? घरात दाणा नाही, नवरा भंडाऱ्यावर, आणि ही भाकरी घेऊन उन्हातून डोंगर चढतेय, विठ्ठलाला शिव्या देत. तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला देव आला, असं आख्यान आहे. त्यात देव कोणाच्या पायाशी बसला, हे लक्षात घ्या. तुकोबांची थोरवी त्याने उणावली नाही. आवली मात्र हाडामांसाची उरली.

तुमचे वडील भजनाला बसत तेव्हा दुकानातली काजं-बटणं कोण करत होतं? ऐन लग्नसराईत रात्री हातशिलाई कोणाची असायची? शिंप्याच्या घरात ही उत्तरं बहुधा आईपाशीच असतात. वारीच्या दिवसांत गिऱ्हाइकांची बोलणीही तिनेच खाल्ली असतील. वडिलांचा नेम चालला तो या कष्टांवर, हे वडिलांच्या आठवणीत यायलाच हवं. त्यांना लबाड ठरवू नका, त्यांची भक्ती खरीच होती. तिचा खर्च मात्र दोघांच्या खात्यातून झाला.

आईंना माईक देऊ नका, त्या बुजतील. कीर्तनकार बुवा आदल्या दिवशी चहाला आले की त्यांना आईंजवळ बसवा आणि तुम्ही आत जा. जाणता बुवा असेल तर पूर्वरंगात ते बरोबर आणील. आरतीच्या ताटाला पहिला हात आईंचा लागू द्या, आणि प्रसादाच्या पंगतीत वाढायला त्यांना उठवू नका.