मडके कच्चे कोणी ठरवायचे?

नरसीचे नामदेव आणि औंढा नागनाथ, ही हिंगोली जिल्ह्यातली दोन नावे जोडणारी कथा वारकऱ्यांना पाठ असते. गोरोबाकाका थापटणे घेऊन संतांची डोकी तपासतात, नामदेव चिडतात आणि मडके कच्चे ठरते. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. ते म्हणतात, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. या कथेत परीक्षा आहे, निकालही आहे; पण नामदेवांना मेळ्यातून कोणी हाकलत नाही, गुरूकडे धाडतात. ख्रिस्ती मंडळ्यांतल्या मतांगीकारांचा, म्हणजे विश्वासाच्या ठरीव कबुल्यांचा, इतिहास वाचताना ही कथा मनात येते, कारण तिथे परीक्षा आणि हकालपट्टी यांची गाठ फार लवकर पडली.

आरंभ तसा नव्हता. पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात उभे करून विचारत: पित्यावर विश्वास आहे? पुत्रावर? पवित्र आत्म्यावर? तो तीनदा होकार देई आणि प्रत्येक होकारासरशी पाण्याखाली जाई. प्रेषितांचा मतांगीकार अशा प्रश्नोत्तरांतूनच घडत गेला. मग ३२५ साली सम्राट कॉन्स्टन्टाइनने नायसियात बिशपांची परिषद भरवली. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, असे आरियस शिकवत होता. परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे जाहीर केले, वेगळे मानणाऱ्यांना शाप दिला, आणि सम्राटाने आरियसला हद्दपार केले. परिषदेचा निर्णय मला मनापासून पटतो. देव स्वतः माणसाच्या दुःखात उतरला नसेल, तर शुभवर्तमानात उरतेच काय? पण त्या दिवसापासून विश्वासाच्या शब्दांमागे राजदंड उभा राहिला, हेही खरे.

धर्मसुधारणेनंतर बहुतेक पंथांनी आपापली कबुली लिहिली. अँग्लिकनांची एकोणचाळीस कलमे, स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांची १६४७ची वेस्टमिन्स्टर कबुली. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते, अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल. गावाजवळ कोणत्या मिशनचा बंगला, यावर मराठी माणसाने कोणती कबुली मानायची ते ठरे.

या व्यवस्थेला सर्वांत धीट प्रश्न विचारला पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या दोन वर्षांत वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात वाचला जावा असे मला वाटते. अथानेशियन मतांगीकार त्यांना मान्य नव्हता. त्यात त्रैक्याची सूत्रे तर आहेतच, शिवाय ती न मानणाऱ्याचा नाश होईल अशी वाक्ये आहेत. हे बायबलात कुठे आहे, असे त्यांचे विचारणे. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारलेल्या बाईने दुसरे जोखड मानेवर का घ्यावे, हा त्यांचा खरा मुद्दा. सिस्टर जेराल्डिनना त्यात अहंकार दिसला. मला दिसते ती अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी: आईने संस्कृत शिकवलेली, १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गमावलेली, आणि शास्त्र म्हणजे काय हे समोरच्या कोणाहीपेक्षा जवळून जाणणारी.

रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, अशा आशयाचे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. ख्रिस्तावरचा भरवसा त्यांच्यात मुरला, पण स्वतःच्या गतीने; वाँटेजच्या दडपणाने नव्हे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराला दिली.

विश्वास दडपणाने मुरत नाही, हे मंडळ्यांनाही हळूहळू उमगले. १९०४ साली भारतातल्या प्रेस्बिटेरियनांनी एकत्र येताना बारा कलमांची आटोपशीर कबुली केली. १९१७ साली नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा सहा परंपरा एकत्र आल्या. त्यांत मतांगीकार रोज म्हणणारे अँग्लिकन होते, आणि नव्या कराराखेरीज कुठलीही कबुली बंधनकारक न मानणारे ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. नव्या मंडळीने प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोन्ही मतांगीकार स्वीकारले, ते विश्वासाची साक्ष देणारे आणि तो जपणारे म्हणून. बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे तिने आपले मानले.

मतांगीकार सोडून द्यावा असे मी म्हणणार नाही. तो नसेल तर ज्याच्या हाती माइक त्याचे मत हाच धर्म होतो, आणि आज गावोगावच्या सभांतून हे घडताना दिसते. सतराशे वर्षांच्या साक्षीदारांपुढे आपले म्हणणे तपासून घ्यावेच लागते. पण दृढीकरणाच्या वर्गात बसलेली सोळा वर्षांची मुलगी ‘हे मला कळत नाही, पटत नाही’ म्हणाली, तर पाळकांनी वही मिटू नये. तिला रमाबाईंची पत्रे वाचायला द्यावीत, तिच्याशी वाद घालावा, लागेल तितका वेळ द्यावा. तोवर प्रभुभोजनाच्या मेजाशी तिची जागा कोणी काढून घेऊ नये.