प्रात्यक्षिकाचा धर्म

वस्तूविषयीं खोटें बोलून ती विकणें हा अधर्म आहे, याबद्दल कोणत्याहि नीतिशास्त्रांत दुमत सांपडावयाचें नाहीं. परंतु एकहि शब्द खोटा न बोलतां, वस्तु केवळ चालवून दाखवून, घेणाराची दिशाभूल करितां येते कीं नाहीं, आणि येत असल्यास तिचें उत्तरदायित्व कोणाकडे जातें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. वरवर पाहतां तो दुकानदारीचा प्रश्न दिसतो. पण त्याचीं मुळें बरींच खोल गेलीं आहेत असें आम्हांस वाटतें. सुतारकामाचीं विजेवर चालणारीं यंत्रें आज तालुक्याच्या गांवींहि विकलीं जातात, दुकानाच्या दारांत तीं चालवून दाखविण्यांत येतात, आणि त्या दाखविण्यावर विश्वास ठेवून माणसें आपली पुंजी व आपले हात पणास लावितात. तेव्हां हाच दृष्टान्त घेऊन आपण या प्रश्नाचा विचार करूं.

पूर्वीं हत्यार घेतांना सुतारास प्रात्यक्षिकाची गरजच नव्हती. वाकस, करवत, रंधा, पटाशी हीं त्याच्या हातच्या ओळखीचीं. पोलाद कसें आहे हें तो टिचकीच्या आवाजावरून व धारेवर अंगठा फिरवून सांगे; लोहाराच्या भात्याजवळ बसून आपल्या हाताच्या बेताचें पातें घडवून घेई. विकणारास जेवढें ज्ञान, तेवढेंच, किंबहुना त्याहून अधिक, घेणारास असे. आतां हें पारडें उलटलें आहे. विजेच्या करवतीचें चक्र मिनिटास कांहीं हजार फेरे घेतें. तिची मोटर बंद कवचांत असते. ती किती वेळ सलग चालेल, कशानें तापेल, कोणत्या क्षणीं हातांतून उसळेल, हें बाहेरून पाहून कळत नाहीं. म्हणूनच प्रात्यक्षिकाची चाल पडली. जें पारखतां येत नाहीं तें निदान पाहतां यावें, हा तिचा मूळ हेतु.

हा पालट अक्कलकुव्यासारख्या ठिकाणीं विशेष ठळक दिसतो. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, त्याच्या पश्चिम सीमेवर, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या सागबाऱ्यास लागून हा तालुका आहे. सातपुड्याचा डोंगराळ मुलूख, भिल्ल व पावरा लोकांची वस्ती, सागाच्या खांबांचीं व बांबूच्या कुडाचीं घरें. लांकूड म्हणजे काय हें येथील माणसास शिकवावें लागत नाहीं. इकडे १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत ज्या १८ व्यवसायांचा समावेश झाला त्यांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजानें प्रथम १ लाख व पुढें २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तींत तरतूद आहे. म्हणजे ज्या सुताराच्या बापानें उभ्या जन्मांत यंत्रास हात लावला नाहीं, त्यास आज कर्ज काढून यंत्र घेतां येतें. सोय चांगली आहे. परंतु जेथें कर्ज आलें तेथें चुकीच्या खरेदीची किंमतहि दुप्पट झाली.

आतां असें प्रात्यक्षिक सामान्यतः कसें होतें तें पहा. पातें अगदीं कोरें असतें. कापावयास घेतलेली फळी मऊ पाइनची किंवा प्लायवूडची, कोरडी व बिनगांठीची. पात्यावरचें संरक्षक झांकण वर केलेलें, कां तर पाहणारांस नीट दिसावें. दोनचार सेकंदांत फळीचे दोन तुकडे होतात, भुसा उडतो, आणि विकणारा विजयी मुद्रेनें सभोंवार पाहतो. यांत असत्य कोठेंच नाहीं. यंत्र खरोखरच चाललें, फळी खरोखरच कापली गेली. पण घेणारा जें कापणार आहे तें म्हणजे मोडलेल्या घराचा जुना सागवानी खांब, ज्याच्या पोटांत खिळे दडलेले आहेत. किंवा बाभळीची पिळदार, गांठाळ फळी. त्याच्या पाड्यावर विजेचा दाब संध्याकाळीं उतरतो, त्याबरोबर यंत्राचा जोर ओसरतो, आणि मग माणूस तें बळानें पुढें रेटूं लागतो. पातें बोथट झालेलें असतें. चीर मिटूं लागली म्हणजे लांकूड पात्यास मागून चिमटतें आणि यंत्र झटक्यानें अंगावर उसळतें. लांकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षें छातींत जाणें हें तर मनुष्यांत कर्करोगाचें निश्चित कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालींच नमूद केलें आहे. यांपैकीं कांहींहि त्या दोनचार सेकंदांत दिसत नाहीं. इतकेंच नव्हे, तर फरशी कापण्याच्या यंत्रास लांकडाचें पातें लावून ‘हेंच लांकडालाहि चालतें’ असें दाखविणारेहि असतात. आणि खरोखर तें चालतें, जोंवर चालतें तोंवर!

यावर एक आक्षेप येईल. विकणारा हा कांहीं शिक्षक नव्हे. त्यानें खोटें बोलूं नये, बाकी घेणारानें आपले डोळे उघडे ठेवावे. हा आक्षेप फार जुना आहे. सिसेरोनें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत एक उदाहरण चर्चिलें आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन येतो. मागाहून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. त्यानें तें सांगावें कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगतो तेवढें सांगितलें कीं पुरे. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणारास जें कळणें त्याच्या हिताचें तें सर्व सांगितलें पाहिजे. सिसेरोनें कौल शिष्याच्या बाजूनें दिला.

आमच्याकडील १८७२ च्या करार कायद्यानें मात्र साधारणतः गुरूचा पक्ष घेतला आहे. नुसतें मौन ही फसवणूक नव्हे, असें त्याचें १७ वें कलम सांगतें; पण त्यास दोन अपवाद आहेत. बोलणें हें कर्तव्य ठरावें असा उभयतांचा संबंध असेल तर, अथवा मौन हेंच बोलण्यासारखें होत असेल तर. कायद्यानें दिलेलें उदाहरण घोड्याचें आहे. परक्यास खोडीचा घोडा विकतांना गप्प राहिलें तर ती फसवणूक नव्हे. परंतु घेणारी ही विकणाराची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल तर खोड सांगणें त्याचें कर्तव्य होय.

आमचें म्हणणें असें कीं, प्रात्यक्षिक करणारास मौनाचा हा आश्रय मुळींच घेतां येत नाहीं. कां कीं तो गप्प राहिलेलाच नाहीं. धान्याच्या व्यापाऱ्यानें नुसतें धान्य पुढें ठेविलें. घोडेवाल्यानें नुसता घोडा उभा केला. यंत्रवाला मात्र यंत्र हातीं घेऊन सर्वांसमक्ष म्हणत असतो, ‘हें असें चालतें.’ तें वाक्य त्यानें तोंडानें उच्चारलें नसेल, हातांनीं उच्चारलें आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत नमुन्यावरून विक्री झाल्यास माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे असें १७ वें कलम आहे. प्रात्यक्षिक हाहि एक नमुनाच. मात्र तो वस्तूचा नव्हे, कामाचा. पेटींतून निघालेलें यंत्र दाखविलेल्या यंत्रासारखेंच असतें, म्हणून कायद्याचें समाधान होईल; पण घरीं होणारें काम दाखविलेल्या कामासारखें होत नाहीं, म्हणून नीतीचें समाधान होऊं शकत नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तर, निर्मात्यानें दिलेल्या धोक्याच्या सूचना जो विक्रेता पुढें पोंचवीत नाहीं, त्यासहि जबाबदार धरलें आहे. झांकण वर करून यंत्र चालविणारा मनुष्य सूचना पोंचवीत नाहीं एवढेंच नव्हे. तो उलट सूचना देतो.

येथेंच विकणाराच्या वृत्तीचा प्रश्न येतो. आणि आमच्या मतें तोच मुख्य आहे. पुष्कळांस वाटतें कीं, गिऱ्हाइकाशीं गोड बोलणें न बोलणें ही रीतिभातीची बाब आहे, सत्याशीं तिचा संबंध नाहीं. वस्तुस्थिति निराळी आहे. पाड्यावरून आलेला मनुष्य दुकानाची पायरी चढतो तेव्हां त्याच्या पायांकडे व बोलीकडे पाहूनच त्याची किंमत ठरते. ‘घ्यायचें आहे का?’ हा प्रश्न त्यास आधीं विचारण्यांत येतो, यंत्र मागाहून. शहरी कंत्राटदारास ‘तुम्ही, घ्या, चालवून पहा’. यास ‘तूं, हात लावूं नको.’ याच्या उलट दुसरी तऱ्हा म्हणजे आर्जवाची: ‘दादा, तुमच्यासारख्या कारागिराला आम्हीं काय सांगायचें?’ एक तुच्छतेची, दुसरी खुशामतीची. पण दोहोंचा परिणाम एकच. त्यास जें विचारावयाचें होतें तें दोहींतहि विचारतां येत नाहीं. खिळ्यावर पातें गेलें तर काय, वीज उतरली तर काय, मोडलें तर दुरुस्ती नंदुरबारास होईल कीं सुरतेस पाठवावें लागेल, हे त्याचे प्रश्न त्याच्या ओठांतच राहतात. ज्याच्या विवेकावर आपला विश्वास असतो त्यासच आपण पूर्ण सत्य सांगतों. ज्यास आपण अजाण मानतों त्यास फक्त खेळ दाखवितों. म्हणून अपुरें प्रात्यक्षिक आणि अनादर हे दोन स्वतंत्र दोष नव्हेत. पहिला दुसऱ्याच्या पोटींच जन्मतो.

महाभारताच्या शान्तिपर्वांत जाजलि नांवाच्या तपस्व्याची कथा आहे. जटांत पक्ष्यांनीं घरटें केलें तरी तो हालला नाहीं, याचा त्यास गर्व झाला. तेव्हां धर्म शिकण्यास त्यास काशीच्या तुलाधार नांवाच्या वाण्याकडे जावें लागलें. त्या वाण्याचें ज्ञान एवढेंच कीं, त्याचा तराजू सर्व भूतांस सारखा होता. व्यासांनीं हा उपदेश अरण्यांतल्या ऋषीच्या मुखीं न घालतां दुकानदाराच्या मुखीं घातला, यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. समोर कोण उभा आहे हें तराजू पाहत नाहीं. आणि माणसाची समबुद्धि जेथें रोज कसास लागते असें स्थान दुकानासारखें दुसरें नाहीं.

विकणाराच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. तो बहुधा तुटपुंज्या पगाराचा नोकर असतो. किती यंत्रें खपलीं यावर त्याची मिळकत ठरते. त्यास स्वतःला कोणी नीट शिकविलेलें नसतें. लोक येथें तासभर प्रात्यक्षिक पाहतात आणि यंत्र मोबाइलवरून चार पैसे स्वस्त मागवितात, हीहि त्याची तक्रार खोटी नाहीं. त्यानें धोका सांगितला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जाईल, जेथें कोणी धोका सांगत नाहीं. हें सर्व मान्य. परंतु यावरून निष्पन्न एवढेंच होतें कीं, दोषाचा मोठा वांटा मालकाकडे व कारखानदाराकडे जातो. दोष नाहींसा होत नाहीं. शिवाय तुटलेलें बोट त्या वांटणीची वाट पाहत थांबत नाहीं.

धोका दाखवून माल विकला जात नाहीं, ही समजूतहि सर्वस्वीं खरी नाहीं. अमेरिकेंत स्टीफन गॅस नांवाच्या पदार्थविज्ञान जाणणाऱ्या वकिलानें १९९९ सालीं अशी करवत योजिली कीं, शरीराचा स्पर्श होतांच विजेच्या खुणेवरून तो ओळखून तिचें फिरतें चक्र सेकंदाच्या सुमारें दोनशेंव्या भागांत थांबावें. मोठ्या कारखान्यांनीं ती उचलली नाहीं, तेव्हां त्यानें स्वतःचा कारखाना काढला. त्याचें प्रात्यक्षिक म्हणजे फिरत्या पात्यास मांसाचा सॉसेज लावून दाखविणें. आणि पुढें तर त्यानें स्वतःचें बोट लावून दाखविलें. असें साहस इतरांनीं करावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या प्रात्यक्षिकाचा विषय करवतीचा पराक्रम नव्हता, करवतीचा घात होता; आणि तरीहि ती करवत खपली.

मग प्रामाणिक प्रात्यक्षिक कसें असावें? झांकण जागेवर असावें. घेणारानें आपलें लांकूड बरोबर आणावें व त्यावरच यंत्र चालवावें. एकदां बोथट पात्यानेंहि कापून दाखवावें. यंत्र त्याच्या हातीं द्यावें, आणि कोठें, कशासाठीं, किती वेळ चालविणार हें त्यास विचारावें. तें त्याच्या कामाचें नसेल तर तसें सांगावें. एवढ्यास वेळ लागतो, पैसा फारसा लागत नाहीं. अक्कलकुव्याच्या सुतारास लांकडाची पारख विकणारापेक्षां अधिक आहे. यंत्राची पारख विकणारास अधिक आहे. दोघे समोरासमोर बसून आपापलें ज्ञान एकमेकांस देतील, तर त्या व्यवहारांत कोणीच अजाण उरणार नाहीं, आणि जो माल विकला जाईल तो ज्याला हवा त्यालाच विकला जाईल.