सूड उगवणारा निसर्ग

माणसाच्या बेफिकिरीचा निसर्ग सूड घेतो, अशा कथांच्या भयपटांची लाट १९७० च्या दशकात अमेरिकेत आली. रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने (१९६२) कीटकनाशकांची धास्ती तोवर घरोघरी पोचवली होती, चित्रपटवाल्यांनी तिला दात आणि नखे दिली. काही चित्रपट निव्वळ हास्यास्पद होते. ‘नाइट ऑफ द लेपस’मध्ये (१९७२) महाकाय ससे माणसांवर धावून येतात आणि प्रेक्षकाला घाबरावे की हसावे कळत नाही. त्यामागचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सूड घ्यायला मन लागते, अपराधी कोण हे कळावे लागते. निसर्गाला ते कळते का?

‘फ्रॉग्ज’ (१९७२) हा चित्रपट या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन जातो. जेसन क्रॉकेट हा चाकाच्या खुर्चीत बसलेला गर्भश्रीमंत म्हातारा आपल्या बेटावरचे जीवजंतू विष घालून मारत असतो. वाढदिवसाला गोतावळा जमतो आणि एकेक जण मरू लागतो. एका प्रसंगात सरडे काचघराच्या फळ्यांवरून रसायनांच्या बाटल्या खाली पाडतात, विषारी वायू पसरतो आणि आत गेलेला तरुण गुदमरून मरतो. कोणती बाटली पाडायची हे सरड्याला कुठून ठाऊक? दिग्दर्शकाने सरड्यांच्या मागे एक न्यायाधीश बसवला आहे. त्याचे नाव तेवढे घेतलेले नाही.

भारतीय दर्शनांत हाच पेच कर्मफलाच्या चर्चेत येतो. नैयायिकांच्या मते कर्मातून साठणारे अदृष्ट हे जड आहे. कोणाच्या पदरात काय टाकायचे हे जडाला उमगत नाही, म्हणून फळ देणारा ईश्वर मानावा लागतो. मीमांसकांना ही गरज वाटली नाही. यज्ञादी कर्मांतून ‘अपूर्व’ नावाची शक्ती उपजते आणि तीच यथाकाल फळ देते, असे ते म्हणाले. दोघांचा वाद कडाक्याचा असला, तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे: ज्याने केले त्यालाच भोगावे लागते.

भयपटांत नेमकी हीच हमी सुटते. जपानी ‘गोजिरा’ (१९५४) हे त्याचे सर्वांत लख्ख उदाहरण. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिच्या किरणोत्सारी राखेत एक जपानी मासेमारी नौका सापडली. इशिरो होंडा यांचा राक्षस अशाच चाचण्यांनी समुद्रतळातून डिवचला जातो, पण तुडवतो टोकियोला. बॉम्ब फोडणारे मोकळेच राहतात.

निसर्ग पापाची शिक्षा देतो का, हा वाद पडद्याबाहेर १९३४ मध्ये झाला. १५ जानेवारीच्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेला तितकाच विरोध असलेल्या रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली: भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात. गांधीजींनी ही हरकत ‘हरिजन’मध्ये छापली, उत्तर दिले आणि मत बदलले नाही. तर्कात रवींद्रनाथांची बाजू वरचढ ठरते. ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला दलित कोणत्या पापाची शिक्षा भोगत होता, याला ईश्वरी शिक्षेच्या कल्पनेत समाधानकारक उत्तर नाही.

या प्रकारातला सर्वांत विचारी चित्रपट ऑस्ट्रेलियन आहे: कॉलिन एगलस्टन यांचा ‘लाँग वीकेंड’ (१९७८). संसार विसकटलेले एक जोडपे समुद्रकाठी तंबू ठोकते. वाटेत कांगारू गाडीखाली येतो, जळती सिगारेट गवतात भिरकावली जाते, विनाकारण झाडावर कुऱ्हाड चालते, गरुडाचे अंडे फोडले जाते. पाण्यातली काळी आकृती शार्क समजून नवरा गोळ्या घालतो. निघते ती निरुपद्रवी समुद्रगाय, डुगाँग. तिचे मढे दर वेळी तंबूच्या थोडे जवळ आलेले दिसते. भरतीने आणले असेल, किंवा नसेल. चित्रपट सांगत नाही. बायकोचा जीव तर नवऱ्याच्याच हातून, अंधारात, भीतीपोटी जातो. निसर्गाने काही ठरवले होते असे कुठेच सिद्ध होत नाही; दोघांना पोखरते ते त्यांचेच अपराधी मन. मनाचा प्रश्न असा माणसाकडेच परत आल्यामुळे येथे सरड्यांना न्यायाधीशाची गरज उरत नाही.

जॉन फ्रँकनहायमर यांच्या ‘प्रॉफेसी’त (१९७९) कागद गिरणीच्या पाऱ्यामुळे विद्रूप झालेले अस्वल माणसे फाडते. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत पारा खरोखरच सोडला गेला होता. तेथे तो माशांतून कोळ्यांच्या पोटात गेला आणि पोटातल्या बाळांनाही भोवला. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी पारा सोडणाऱ्या चिस्सो कंपनीचे ते सांडपाणी १९६८ पर्यंत थांबले नाही. त्या खाडीतून कोणताही राक्षस कंपनीवर चाल करून आला नाही. तिला जबाबदार धरले ते कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने, १९७३ मध्ये, रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी दावा लावल्यानंतर.