शेवटचा हात

माझ्या सायकलचे गियर बिघडले, त्याच्या आदल्या दिवशी शेजारचं नववीतलं पोरगं ती घेऊन गेलं होतं. एवढ्यावर मी निकाल लावून टाकला. त्याला एका शब्दाने बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून सायकलला कुलूप घालायला लागलो, इतकंच.

सायकल जुनी एमटीबी आहे. पुढे तीन, मागे सात, एकवीस गियरची. सोनाळ्याच्या सपाट गल्लीत ती मिरवण्यापुरतीच वाटते. पण गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, आणि अंबाबरव्याच्या बाजूला चढ लागला की एवढे गियर कशाला असतात ते मांड्यांना समजतं.

बिघाड असा होता: मागे लहान चक्रीवरून मोठ्या चक्रीवर चेन झटक्यात चढायची. उलट येताना मात्र अडायची. बटण दाबलं, खटका वाजला, चेन जागच्या जागी. मग चार पायडल मारल्यावर आपल्याच मर्जीने धाडकन खाली, कधी एकदम दोन चक्र्या सोडून. दुकानात दाखवली तर सल्ला मिळाला, गियर काढून सिंगल करून टाका, कटकट मिटते. (अशा किती सायकली 'कटकट मिटवून' फिरतायत, बघा एकदा.)

मग मीच पाना-पेचकस घेऊन बसलो. मागच्या डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात. ते डोळ्यांना दिसतात, म्हणून तेच फिरवले. खरं तर ते स्क्रू फक्त हद्द ठरवतात. चेन एका टोकाला चाकाच्या तारांत घुसू नये आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमकडे पडू नये, एवढंच त्यांचं काम. मधल्या गियरांशी त्यांचं देणंघेणं नाही. माझ्या कारागिरीनंतर चेन सगळ्यात मोठ्या चक्रीवर चढेनाशी झाली. एकाचे दोन दोष झाले, आणि मनात मी दोन्ही त्या पोराच्या खात्यावर टाकले. पाडली असणार, नाहीतर असं कसं होईल?

पूर्वी गियरला खटके नव्हते. दांडी थोडी थोडी सरकवायची आणि कानाने अंदाज घ्यायचा. 1984 मध्ये शिमानोने खटक्यांची पद्धत बाजारात आणली. आपल्या साताच्या गियरमध्ये एका खटक्याला वायर जेमतेम तीन मिलिमीटर ओढली जाते, आणि त्यावर डिरेलर साधारण पाच मिलिमीटर सरकतो. इतक्या बारीक हिशोबात वायर कव्हरमध्ये जराशी अडली तरी गणित चुकतं. यातली खरी गोम अशी की मोठ्या चक्रीकडे जाताना वायर आपला अंगठा ओढतो. लहान चक्रीकडे येताना आपण फक्त वायर सोडतो. ओढायचं काम एकट्या स्प्रिंगचं. वायर गंजली असेल तर अंगठा जोर लावून ते झाकून नेतो. स्प्रिंगला ते जमत नाही.

म्हणजे 'चढते बरोबर, उतरते अडत' या एका वाक्यातच दोष कुठे शोधायचा ते होतं. सायकल उजव्या अंगावर आपटली असती तर डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती वाकली असती. मागे उकिडवं बसून बघायचं: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या वरच्या चक्रीच्या रेषेत उभ्या आहेत का? मी बघितलं. सरळ होत्या. मिनिटभराचं काम, आणि ते मी तीन आठवड्यांनी केलं.

न्यायशास्त्रात घड्याचं उदाहरण येतं. घडा होण्याआधी कुंभार होता, चाक होतं, माती होती. माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव घड्याचं कारण का नाही? कारण माती गाडीतून आली असती तरी घडा झालाच असता. आधी असून कारण नसलेल्याला तिथे 'अन्यथासिद्ध' म्हणतात. कारण ओळखायची कसोटी दुहेरी आहे: ते असलं की हे होतं, आणि ते नसलं की हे होत नाही. आपण बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यावरच उठतो. कावळा बसला, फांदी मोडली, धरा कावळ्याला.

कसोटीचा दुसरा अर्धा भाग मी नकळत करून बसलो होतो, याची मला आता लाज वाटते. कुलूप लावल्यावर तीन आठवडे पोराचा हात सायकलला लागला नाही, आणि गियर रोज तसेच अडत होते. पुरावा माझ्याच पायाखाली फिरत होता.

'शेवटी कुणी हात लावला?' हा प्रश्न वाईट नाही. शेवटी काय बदललं हे कोणताही चांगला मेकॅनिक आधी विचारतो. पण त्याच्यासाठी तो शोधाचा पहिला प्रश्न असतो. मी तोच निकाल केला. घरातलं वायफाय बंद पडलं की लहान भावाला बोलणी बसतात, तिथपर्यंत हे हसण्यावारी जातं. पण लग्न होऊन आठ दिवस झालेल्या सुनेला, गोठ्यातला बैल मेला म्हणून, 'पांढऱ्या पायाची' ठरवणारं डोकंही हेच. बैल कधीपासून आजारी होता ते कुणी विचारत नाही, कारण ते विचारलं तर त्याच्याकडे इतके दिवस कुणी बघितलं नाही हेही निघतं.

माझंही तेच निघालं. श्रावणातही बटण दोनदा दाबावं लागत होतं, हे मला आठवलं. मी दोनदा दाबून पुढे जायचो. सायकल पावसात अंगणात उभी राहायची, आणि घेतल्यापासून वायर एकदाही बदलली नव्हती. डिरेलरजवळ कव्हरचा शेवटचा वळसा असतो. तो उघडला तर आत काळ्या मातीचा गाळ आणि गंज, वायरच्या दोन तारा तुटून उभ्या राहिलेल्या. पोराने त्या दिवशी चिखलातून नेली असेलही. पण एका दिवसात वायर अशी होत नाही.

अकोटहून नवी वायर आणि कव्हर आणलं, दीडशे रुपयांच्या आत. घातलं, हद्दीचे स्क्रू परत जागेवर आणले, ताण जुळवला. सातही गियर खटाखट पडायला लागले.

मग प्रश्न उरला, त्याला सांगायचं काय? मी उघड आरोप केलाच नव्हता, तेव्हा माफी तरी कशाची मागू, अशी एक सोयीची पळवाट दोन दिवस मनात फिरत होती. शेवटी संध्याकाळी त्याला हाक मारली. वायर दाखवली, तुटलेल्या तारा दाखवल्या, तुझ्यामुळे काही झालेलं नव्हतं म्हणालो.

त्याने वायर हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मले मालूम होतं म्या काई नाई केलं," तो म्हणाला. "मंग काका, कुलूप काहून लावलं होतं?"

मी सांगितलं. सगळं, स्क्रू फिरवल्याचंही. तो हसला नाही. उकिडवा बसला, एका हाताने पायडल फिरवलं, दुसऱ्याने बटण दाबत चेन सातही चक्र्यांवरून खाली आणली आणि परत वर नेली. मग, सायकल उद्या लागेल का असं मी विचारल्यावर, म्हणाला की आता तो मित्राच्या मागे बसून शाळेत जातो.