नाव कोणी ठेवायचे?

मुंबईत मराठी माणूस आपल्याच गाववाल्याला गमतीने 'घाटी' म्हणतो, तेव्हा दोघेही हसतात. तोच शब्द परक्याच्या तोंडून आला की कानशिले तापतात. घाटावरून गिरण्यांत, गोदीत राबायला आलेल्यांना हे लेबल चिकटले. गोव्यातही घाटापलीकडून आलेल्या मजुराला ते ऐकावे लागते. ज्यांना 'घाटी' झोंबते, त्यांच्यातलेच कित्येक जण टॅक्सीवाल्याला 'ए भय्या' म्हणताना मात्र अडखळत नाहीत. वर युक्तिवाद असा, की भय्या म्हणजे भाऊच! पण त्या हाकेत मुलूख, धंदा आणि लायकी एकत्र कोंबलेली असते, हे हाक मारणारा जाणतो आणि ऐकणाराही.

शब्द झोंबतो तो त्याच्यामागे उभ्या असलेल्या ताकदीमुळे. इंग्रज सरकारने 1871 पासून कायदे करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पोलिस ठाण्यातली हजेरी जन्माबरोबरच मागे लागे. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, माणसे 'विमुक्त' झाली. तरी गावात चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावरच जातो. चोरीचा शिक्का ज्या नावातच आहे, ते आपल्या जमातीचे नाव लक्ष्मण गायकवाड यांनी आत्मकथनाला दिले. 'उचल्या'ला 1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुखपृष्ठावर ते नाव साक्ष होते. फौजदाराच्या तोंडी तेच नाव आरोप असते. गायकवाडांना ते वापरण्याचा हक्क मिळाला, तो त्याचे चटके सोसल्यामुळे.

चांगल्या हेतूने ठेवलेले नावही टोचू शकते. गांधीजींनी 'हरिजन' शब्द रूढ केला, 1933 मध्ये त्या नावाचे साप्ताहिक काढले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही 1938 मध्ये हा शब्द कायद्यात घालण्याची वेळ आली, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई विधानसभेत विरोध करून सभात्याग केला. ज्यांचे नामकरण चालले होते, त्यांची संमतीच नव्हती. पुढे 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि 'दलित' हे नाव तिने ताठ मानेने मिरवले. 2018 मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना तो शब्द टाळून 'अनुसूचित जाती' म्हणण्याचा सल्ला दिला. सरकारी शब्द कोणाला बोचत नाही, पण त्यात लढ्याचा मागमूसही नाही.

मात्र 'ज्याचे नाव त्याचा हक्क' म्हटल्याने प्रश्न मिटत नाही, कारण कुठल्याच समाजाचे एकमत नसते. 'आम्ही दलित नाही, बौद्ध आहोत' असे ठणकावणारे घराघरांत आहेत. युरोपातही हेच दिसते. तिथल्या भटक्या समाजाच्या प्रतिनिधींनी 1971 मध्ये लंडनजवळच्या परिषदेत 'रोमा' हे नाव स्वीकारले. जर्मनीत त्यांच्यासाठीचा जुना शब्द नाझींच्या नोंदवह्यांतून छळछावण्यांपर्यंत गेला. तो आज अनेकांना शिवीसारखा लागतो. ब्रिटनमध्ये मात्र अनेक कुटुंबे स्वतःला अभिमानाने 'जिप्सी' म्हणवतात, आणि इंग्लंड-वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत तसा पर्यायही होता.

म्हणून शब्दांची काळी यादी भिंतीवर लावून भागणार नाही. इतिहास सांगताना, अन्यायाची फिर्याद मांडताना कडू शब्द उच्चारावेच लागतात; ते गाळले तर अन्यायच झाकला जाईल. रोजच्या व्यवहारात मात्र दोन प्रश्न पुरतात. समोरच्याचा प्रांत किंवा जात इथे सांगण्याची गरज आहे का? आणि असेल तर तो स्वतःला काय म्हणवतो? उत्तर ठाऊक नसेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. जे नाव उच्चारताना आपले काहीच जात नाही आणि ऐकणाऱ्याची मान खाली जाते, ते उच्चारण्याचा हक्क आपल्याला नाही.