न्यायाधीशाच्या दारातली विधवा

जबलपूरची सदर म्हणजे छावणीची बाजारपेठ. १८१७ साली भोसल्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला, छावणी वसली आणि छावणीबरोबर चर्चेसही आली. सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या नावाचं कॅथलिक कॅथेड्रल याच भागात आहे. जबलपूरच्या मराठी माणसाला ही वास्तू बाहेरून ठाऊक असते. आत काय मागितलं जातं, याची चौकशी आपण सहसा करत नाही. आजार बरा व्हावा, नोकरी लागावी, पोरं मार्गी लागावीत, एवढंच असणार असं आपण धरून चालतो. शेगाव-शिर्डीला आपणही तेच मागतो.

२०२५ हे कॅथलिकांचं योबेल वर्ष होतं. त्यानिमित्त ३१ मार्चला मंडला भागातले, बहुतेक आदिवासी, भाविक बसने जबलपूरच्या चर्चेसच्या यात्रेला निघाले होते. हिंदुत्ववादी कार्यकर्त्यांनी धर्मांतराचा संशय घेऊन बस अडवली, यात्रेकरूंना पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. त्यांच्या मदतीला गेलेल्या धर्मगुरूंना तिथेच, ठाण्याच्या आवारात, पोलिसांच्या देखत मारहाण झाली. प्रकरण संसदेपर्यंत गेलं.

या लोकांच्या यात्रेमागची कल्पना काय होती, हे मात्र बातम्यांत फारसं आलं नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात योबेलचा नियम आहे. दर पन्नासाव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, गुलामीत अडकलेल्याला सोडायचं, आणि कर्जापायी हातातून गेलेली वाडवडिलांची जमीन मूळ कुटुंबाला परत द्यायची. म्हणजे ज्या वर्षी विसावा, त्याच वर्षी न्याय. साप्ताहिक शब्बाथाचंही तेच. ती सुट्टी मालकाला तर आहेच, पण बैलाला, गाढवाला, दासीच्या मुलाला आणि परक्यालाही आहे, असं बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे. जमीन हातातून जाणं या यात्रेकरूंच्या मुलखाला नवं नाही. जबलपूरजवळच नर्मदेवर बरगी धरण आहे. १९९० मध्ये ते भरलं, मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतल्या १६२ गावांना त्याची झळ बसली. जमीन परत मिळण्याचं वर्ष ही कल्पना त्या मुलखात किती जड वाटत असेल, याचा अंदाज शहरात बसून येणं अवघड आहे.

ख्रिस्ती प्रार्थनेबद्दल आपल्याकडे दोन समज आहेत. एक, ती दुबळ्याचं सांत्वन आहे. दुसरा, ती धर्मांतराचा गळ आहे. दोन्ही समजांना तडा देणारी ख्रिस्ती बाई मराठीच होती, पंडिता रमाबाई, आणि तिचं या मुलखाशी नातं होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. जबलपूर, सागर, दमोह या पट्ट्याचे हाल तर विचारूच नका. रमाबाई तेव्हा पुण्यात विधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील भुकेने खंगून गेले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या, मदतकेंद्रं आणि अनाथालयं पालथी घातली आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. अशा केंद्रांत निराधार मुलींवर कोणाची नजर असते, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

तेवढ्यात पुण्यात प्लेग. मुलींचं बिऱ्हाड केडगावला हलवावं लागलं, तिथून पुढे ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली. प्लेगच्या रुग्णालयात बायकांची काय दैना होते आणि आपल्या सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला काय आलं, हे रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून चव्हाट्यावर आणलं. ख्रिस्ती बाई ख्रिस्ती सरकारवर आरोप करत होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने ते फेटाळले. त्याच साली २२ जूनला चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या बंदोबस्ताचा संताप दोन्हीकडे होता. एकाने पिस्तूल उचललं, दुसरीने लेखणी. शाळेच्या इतिहासात आपण पिस्तूल शिकलो.

रमाबाईंना दिवसातले कितीतरी तास प्रार्थनेत घालवणारी भाविक बाई म्हणून रंगवलं जातं. ते खरंच आहे. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोज जमून प्रार्थना करणाऱ्या मुलींचा गट सुरू केला आणि जूनअखेरीस मुक्तीत असा काही उद्रेक झाला की शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. शिस्तीच्या मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या मुलींनी आईबाप उपाशी मरताना पाहिले, ज्यांना विधवा म्हणून घरच्यांनी टाकलं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं कोणीतरी भेटलं होतं की ज्याच्यापुढे मोठ्याने रडायची मुभा होती. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. देवाला जाब विचारणारी.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू प्रार्थना कशी करावी हे शिकवतो. त्यासाठी तो कोणा साधूचा दाखला देत नाही, कोर्टात खेटे घालणाऱ्या विधवेचा देतो. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करत नाही. बाई मात्र रोज येऊन न्याय मागते आणि शेवटी तिच्या तगाद्याला कंटाळून तो निकाल देतो. बालविधवांच्या आश्रमात ही गोष्ट कशी ऐकली गेली असेल?

आता चंगाईचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होण्याचा प्रश्न. चंगाई सभांच्या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं मला पटत नाही. औषध बंद करा, विश्वास कमी पडला म्हणून बरे झाला नाहीत, असं रोग्याला सांगणारा भोंदूच, मग त्याच्या हातात बायबल असो की अंगारा. पण रमाबाईंचंच पाहा. १८८३ साली त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या आणि बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. पुढे शेकडो मुलींना प्रार्थना शिकवणाऱ्या या बाईचं बहिरेपण गेलं नाही ते नाहीच. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, त्यांच्या हयातीतच गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी मरणाच्या उंबरठ्यापर्यंत सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. बरं होणं ही प्रार्थनेची अट असती, तर त्यांनी ती केव्हाच सोडली असती.

मध्य प्रदेशात ही सगळी चर्चा संशयाच्या सावलीत होते. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली गेली. राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, असं समितीने १९५६ मध्ये सुचवलं. १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आला, त्यात दैवी कोपाची भीती घालणंही बळजबरीत मोडलं. २०२१ मध्ये नवा, अधिक कडक कायदा झाला. लबाडीने धर्म बदलवणं रोखायलाच हवं, यात वाद नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठी हात जोडणाऱ्याला आधी आपला हेतू सिद्ध करावा लागत असेल, तर ते कायद्याचं रक्षण नव्हे.

जबलपूरच्या मराठी मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. आपल्याकडे गणेशोत्सवात व्याख्यानं होतात, दिवाळीत पहाटेची गाणी होतात. एखाद्या वर्षी रमाबाईंच्या दुष्काळातल्या अनुभवांचं वाचन ठेवा, आणि सदरमधल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना ऐकायला बोलवा. त्या हकिगती याच मध्य प्रांतातल्या आहेत.