मान खाली, मूठ वर

9 ऑगस्ट 1936. बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये मॅरेथॉनच्या विजेत्यासाठी जपानचं राष्ट्रगीत वाजत होतं आणि विजेता मान खाली घालून उभा होता. सोन की-चोंग कोरियन होता. कोरिया 1910 पासून जपानच्या अमलाखाली, म्हणून त्याच्या छातीवर जपानचा ध्वज होता आणि अधिकृत नोंदीत नावही जपानी वळणाचं होतं. विजेत्यांना दिलं जाणारं ओकचं रोपटं त्याने छातीशी असं धरलं की ध्वज झाकला गेला. तिसरा आलेला नाम सुंग-योंगही कोरियनच. त्याचीही मान खालीच होती. सोलच्या ‘डोंग-आ इल्बो’ या दैनिकाने सोनच्या छायाचित्रातला ध्वज पुसून ते छापलं, तेव्हा जपानी सत्तेने संबंधितांना तुरुंगात टाकलं आणि दैनिक काही महिने बंद ठेवलं.

सहाच दिवसांनी, त्याच शहरात, भारतीय हॉकी संघ जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्याची तयारी करत होता. ड्रेसिंग रूममध्ये संघासोबत आलेल्या पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केलं आणि ते मैदानात उतरले. ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. सामना भारताने 8-1 असा जिंकला.

या दोन्ही प्रसंगांत आपली बाजू कोणती, हे ठरवताना भारतीय वाचक क्षणभरही अडखळत नाही. तिथे गीत परक्याचं होतं, ध्वज परक्याचा होता. पेच पडतो तो खेळाडू स्वतःच्याच देशाच्या राष्ट्रगीताच्या वेळी निषेध नोंदवतो तेव्हा. तिथे ‘देशद्रोही’ हा शब्द फार लवकर तोंडात येतो.

16 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको सिटीत अमेरिकेच्या टॉमी स्मिथने 200 मीटरची शर्यत 19.83 सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकली. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन दुसरा आला, अमेरिकेचाच जॉन कार्लोस तिसरा. स्मिथ आणि कार्लोस बुटांशिवाय, नुसत्या काळ्या मोज्यांवर विजयमंचावर चढले. कृष्णवर्णीयांचं दारिद्र्य जगाला दाखवण्याची ती त्यांची रीत होती. कार्लोसच्या गळ्यातली मण्यांची माळ गोऱ्या जमावांनी ठार मारलेल्या माणसांच्या स्मरणार्थ होती. तो आपले काळे हातमोजे विसरला होता. एकच जोडी दोघांत वाटून घ्या, असं नॉर्मनने सुचवलं. म्हणून स्मिथची उजवी मूठ वर गेली आणि कार्लोसची डावी. दोघांच्याही माना खाली होत्या. ‘ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’ या चळवळीचा बिल्ला नॉर्मननेही लावला होता.

दोघांनी राष्ट्रगीत थांबवलं नाही, ध्वजाला हात लावला नाही, एक शब्दही उच्चारला नाही. तरीही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या दबावापुढे अमेरिकी समिती नमली. दोघांना संघातून काढण्यात आलं आणि क्रीडाग्राम सोडायला लावलं. खेळात राजकारण नको, हे त्यामागचं कारण. याच ब्रंडेज यांनी 1936 साली बर्लिनवर बहिष्कार टाकण्याला कडाडून विरोध केला होता, आणि त्या स्पर्धेत जर्मन विजेते मंचावरून नाझी सलाम ठोकत होते. तो सलाम राष्ट्राचा रिवाज म्हणून खपला. सत्तेच्या बाजूने उठलेला हात कुणाला राजकारण वाटला नाही. तिच्याकडे दाद मागणारा हात मात्र लगेच राजकारण ठरला.

मेक्सिकोतच काही दिवसांनी चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लाव्स्का विजयमंचावर उभी होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात घुसले होते. सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू होताच तिने मान खाली घालून तोंड फिरवलं. त्या स्पर्धेत चार सुवर्णपदकं मिळवलेल्या या खेळाडूला मायदेशी परतल्यावर वर्षानुवर्षं बाजूला टाकण्यात आलं. 1989 ला साम्यवादी राजवट कोसळल्यावर तीच देशाच्या ऑलिंपिक समितीची प्रमुख झाली.

खरं तर राजकारण खेळाडूंच्या आधीच मैदानात आलेलं असतं. पदक देताना ध्वज उभारायचा आणि राष्ट्रगीत वाजवायचं, ही प्रथा ऑलिंपिकच्या आयोजकांची. अमेरिकेत तर 2015 साली दोन सिनेटरांच्या अहवालातून उघड झालं की सैनिकांचे सत्कार, ध्वजसंचलनं, राष्ट्रगीतं अशा देशभक्तीच्या सोहळ्यांसाठी संरक्षण खात्याने क्रीडासंघांना सुमारे 68 लाख डॉलर मोजले होते. देशाचा गौरव पैसे देऊन सादर करता येतो, पण देशाकडे केलेली तक्रार फुकटातही चालत नाही. हा न्याय एकतर्फी आहे.

राष्ट्रगीताच्या वेळी निषेध पाहून ज्यांना मनापासून वेदना होते, त्यांचं काय? सीमेवर मुलगा गमावलेल्या आईची ती वेदना खोटी नसते. तिला उत्तर देण्याचा मार्ग एका सैनिकानेच दाखवला. 2016 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. लष्कराच्या विशेष दलात लढून आलेल्या नेट बोयरला ते खुपलं. त्याने जाहीर पत्र लिहिलं आणि मग दोघे भेटले. सैनिक आपल्या मृत साथीदाराच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात, तसा तू टेक, असं बोयरने सुचवलं. 1 सप्टेंबरला सॅन डिएगोच्या मैदानावर कॅपरनिकने गुडघा टेकला आणि त्याच्या शेजारी बोयर छातीवर हात ठेवून ताठ उभा राहिला. दोघांची श्रद्धा एकाच गीताच्या सुरांत व्यक्त झाली.

एवढी समज संघमालकांनी दाखवली नाही. संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेलेल्या कॅपरनिकला 2016 च्या हंगामानंतर एकाही संघाने घेतलं नाही. 2017 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना हाकलून द्यावं, असं भर सभेत सांगितलं. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर देश पेटला, तेव्हा खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली, असं अमेरिकी फुटबॉल लीगच्या प्रमुखांनी कबूल केलं.

21 नोव्हेंबर 2022 रोजी, कतारमधल्या विश्वचषकात, इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी इराणचे फुटबॉलपटू आपलं राष्ट्रगीत न गाता ओठ मिटून उभे राहिले. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर त्यांच्या देशात स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. चारच दिवसांनी, वेल्सविरुद्ध, तेच खेळाडू गायले. त्यांच्या मौनाचं अनेक देशांत कौतुक झालं. मग तेच मौन स्वतःच्या देशातल्या खेळाडूने पाळलं तर ते पाप कसं ठरतं?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर 1986 मध्येच दिलं आहे. केरळमधली तीन मुलं धर्मश्रद्धेमुळे शाळेत राष्ट्रगीत गात नसत. मात्र ते सुरू असताना आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढून टाकलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने त्यांना परत प्रवेश मिळाला. उभं राहूनही न गाणं हा अपमान नव्हे, हे त्या निकालाचं सार.

मेक्सिकोच्या त्या मंचावरच्या पीटर नॉर्मनला 1972 च्या ऑलिंपिकला पाठवलं गेलं नाही. त्याचा 20.06 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम 2024 पर्यंत टिकला. 2006 मध्ये तो गेला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोसने त्याला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली ती 2012 मध्ये. स्मिथ आणि कार्लोसला अमेरिकी ऑलिंपिकच्या सन्मानयादीत स्थान मिळायला 2019 उजाडलं.

टोकियो ऑलिंपिकच्या आधी, 2021 मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मत व्यक्त करण्याची मुभा दिली. पदक सोहळ्यातली बंदी मात्र कायम ठेवली. ही बंदी उठायला हवी. जो निषेध कुणाचं गाणं थांबवत नाही, कुणाला इजा करत नाही आणि कुणाविरुद्ध द्वेष पसरवत नाही, त्यासाठी खेळाडूचं करिअर संपवण्याचा अधिकार कोणत्याही समितीला असू नये. आणि प्रेक्षकांनी एवढं करावं: अशा खेळाडूला संघातून काढा, अशी मागणी करण्याआधी त्याची तक्रार काय आहे ते ऐकावं, आणि ती खरी आहे का ते तपासावं.